गाडीची चमक आणि पोरांची फुफ्फुसं



गेल्या काही वर्षांत आपल्या वस्त्यांमध्ये गाड्या आल्या. कुणी टॅक्सी चालवतो, कुणी कंपनीला गाडी लावतो, कुणी हप्त्यावर सेकंडहॅन्ड गाडी घेऊन संसार ओढतो. ही कष्टाची कमाई आहे, आणि आम्हाला तिचा अभिमान आहे. पण वस्तीत गाडीला शेड कुठून मिळणार? ती वर्षानुवर्षं उन्हापावसात रस्त्याकडेला उभी असते. पाच-सात उन्हाळे गेले की टप आणि बॉनेट पांढरं पडतं, मग पापुद्रे निघायला लागतात. गाडी जुनाट दिसली की गिऱ्हाईक नाक मुरडतं, विकायला काढली तर भाव पडतो. मग मालक गॅरेज गाठतो, नाहीतर दुकानातून 'क्लिअर कोट परत आणणारी' बाटली किंवा स्प्रेचा डबा आणून गल्लीतच कामाला लागतो.

दुसऱ्या बाजूला, ज्या गॅरेजात ती गाडी जाते, तिथे गन हातात धरणारा पोरगाही बहुतेक वेळा आपल्यातलाच असतो. दहावी-बारावीला शाळा सुटली, ओळखीनं डेंटिंग-पेंटिंगच्या कामाला लागला, चार वर्षांत 'कारागीर' झाला. म्हणजे गाडीही आपली आणि ती चमकवणारा पोरगाही आपला. म्हणूनच आरोग्याच्या पानावर गाडीच्या रंगाचा विषय घेतो आहोत. आमचं म्हणणं सरळ आहे: गाडीचा थर दहा वेळा नवा देता येतो, फुफ्फुसाचा देता येत नाही. आणि 'सवय झाली की काही होत नाही' हा गॅरेजातला जो सल्ला आहे, तो या कामापुरता तर साफ उलटा आहे.

क्लिअर कोट म्हणजे नेमकं काय

गाडीच्या पत्र्यावर आधी प्रायमर असतो, त्यावर रंग, आणि सगळ्यात वर बिनरंगी पारदर्शक थर. हाच क्लिअर कोट. आपल्याला दिसणारी चकाकी त्याचीच. हा थर डोक्याच्या केसापेक्षाही पातळ असतो. उन्हातले अतिनील किरण, पक्ष्यांची विष्ठा, झाडाचा चीक आणि धूळ-मातीच्या कोरड्या फडक्यानं घासणं यांनी तो हळूहळू खराब होतो.

खराबी दोन प्रकारची असते आणि फरक ओळखला तर पैसाही वाचतो, जीवही. पहिली म्हणजे थर शाबूत आहे, फक्त वरून मंद, पांढुरका झाला आहे. हात फिरवला तर गुळगुळीत लागतो, पाणी मारलं की तेवढ्यापुरता रंग उजळ दिसतो. दुसरी म्हणजे थर सुटला आहे. कडा नखाला लागतात, पापुद्रे निघतात, मध्येच नकाशासारखे पांढरे डाग दिसतात.

पहिल्या प्रकारात फवाऱ्याची गरजच नसते. गाडी सावलीत घ्यावी, पत्रा थंड होऊ द्यावा, स्वच्छ धुवावी, आणि रबिंग कंपाउंड व पॉलिश लावून हातानं घासावी. वॉटर पेपर वापरायचाच असेल तर अगदी बारीक, दोन हजार नंबरचा, आणि भरपूर पाणी मारत, हलक्या हातानं. शेवटी वॅक्स. एवढ्यानं बरीच चमक परत येते.

दुसऱ्या प्रकारात मात्र बाटलीतलं कुठलंही औषध सुटलेला थर परत चिकटवत नाही. कापडानं पुसून लावायची जी उत्पादनं मिळतात, ती खड्डे-ओरखडे भरून काही काळ चमक दाखवतात, पापुद्र्याच्या कडा तशाच राहतात. काही जण फर्निचरचं वार्निश फासतात, ते उन्हात पिवळं पडून तडकतं. काही जण रॉकेल नाहीतर डिझेल चोळतात. त्यात चमक दोन दिवसांची, आणि हाताची कातडी मात्र फाटते. पापुद्रे निघाले असतील तर तो भाग घासून पुन्हा रंगवणं हाच उपाय. आणि खरा धोका तिथेच सुरू होतो.

हार्डनरच्या डब्यात काय असतं

क्लिअर कोट दोन तऱ्हेचे मिळतात. एक साधा, थिनर उडून गेला की वाळणारा. गॅरेजात त्याला वन-के म्हणतात. दुसरा टू-के, म्हणजे लॅकरमध्ये ऐन वेळी हार्डनर मिसळायचा. टू-के जास्त टिकतो, जास्त चमकतो, म्हणून गॅरेजात तोच चालतो. हल्ली तो स्प्रेच्या डब्यातही येतो. डब्याच्या बुडाशी बटण असतं, ते दाबलं की आतल्या आत हार्डनर मिसळतो. असा डबा कुणीही विकत घेऊ शकतो आणि घराच्या दारात मारू शकतो.

या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायनं असतात. हा शब्द आपण ऐकलेला आहे. 2 डिसेंबर 1984 च्या रात्री भोपाळमध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुटलेला वायू मिथाइल आयसोसायनेट होता. हार्डनरमधलं रसायन तेच नाही, तितकं उडणारंही नाही. भोपाळसारखं एका रात्रीत काही घडेल असं सांगून आम्हाला कुणाला घाबरवायचं नाही. पण कुळ एकच आहे, आणि मारा श्वासनलिकेवरच आहे. गनमधून फवारा सुटला की त्याचे बारीक थेंब हवेत तरंगतात, श्वासाबरोबर आत जातात, उघड्या कातडीवरही बसतात. थर पूर्ण वाळून पक्का झाला की आयसोसायनेट त्यात बांधलं जातं, त्यामुळे रंगवलेल्या गाडीत बसणाऱ्यानं भ्यायचं कारण नाही. धोका आहे तो मिसळताना, फवारताना, गन धुताना आणि अर्धवट वाळलेला थर घासताना.

आता 'सवय' या शब्दाकडे येऊ. धुराची, वासाची माणसाला सवय होते असं आपण धरून चालतो. आयसोसायनेटचं उलटं आहे. काही जणांच्या शरीराला काही महिने किंवा काही वर्षं काम केल्यावर त्याची ॲलर्जी जडते. एकदा ती जडली की मग अगदी थोडं, इतरांना जाणवणारही नाही एवढं रसायनसुद्धा दम्याचा झटका आणू शकतं. म्हणजे दहा वर्षं काही झालं नाही, हा अकराव्या वर्षाचा भरवसा नाही. वासावरही विसंबता येत नाही. नाकाला जो उग्र वास येतो तो थिनरचा. आयसोसायनेट त्रासदायक प्रमाणात असलं तरी नाकाला कळेलच असं नाही.

लक्षणं घरच्यांनी ओळखावीत

आम्ही हे घरातल्या बायामाणसांसाठी मुद्दाम लिहितो आहोत, कारण हा त्रास बऱ्याचदा गॅरेजात दिसतच नाही, घरी दिसतो. दिवसभर पोरगा ठीक असतो. संध्याकाळी किंवा रात्री खोकला सुरू होतो, छाती आवळल्यासारखी होते, श्वासाला शिट्टी वाजते. सुट्टीच्या दिवशी बरं वाटतं. गावी लग्नाला आठ दिवस गेला तर खोकला गायब. परत कामावर गेला की पुन्हा सुरू. ही चाल दिसली तर तो 'हवा बदलल्याचा' किंवा 'धुळीचा' खोकला समजू नका.

आम्ही वस्त्यांमध्ये फिरतो तेव्हा असे तरुण भेटतात. कफ सिरपच्या बाटल्या संपलेल्या असतात, तीन-तीन दवाखाने झालेले असतात, आणि एकाही ठिकाणी 'तू काम काय करतोस?' हा प्रश्न विचारलेला नसतो. म्हणून डॉक्टरांनी विचारो न विचारो, आपण सांगायचं: मी गाडीला रंग मारतो, हार्डनर वापरतो, त्रास कामाच्या दिवशी वाढतो. शक्य असेल तर हार्डनरच्या डब्याचा फोटो मोबाइलवर दाखवायचा. सरकारी रुग्णालयात छातीच्या विभागात फुंकून करायची श्वासाची तपासणी होते, ती करून घ्यायची. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर टीबीची तपासणी आधी करायचीच, त्यात लाज नाही.

डॉक्टरांनी पंप दिला तर तो घ्यायचा. पंपाची सवय लागते हा गैरसमज आहे. पण पंप ओढायचा आणि तोच फवारा पुन्हा छातीत घ्यायचा, हे चालणार नाही. या आजारात जितक्या लवकर त्या रसायनापासून दूर व्हाल तितकी सुधारण्याची शक्यता जास्त. उशीर झाला तर काम सोडल्यावरही दमा मागे राहू शकतो. एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर पडत असतील, तर सकाळची वाट बघू नका, 108 ला फोन करा.

गूळ, रुमाल आणि क्वार्टर

गॅरेजात तीन उपाय सर्रास सांगितले जातात. पहिला गूळ. गूळ खाल्ला की छातीतली घाण निघून जाते, असं मालकही सांगतो आणि आईही डब्यात खडा देते. गूळ पोटात जातो, फवारा फुफ्फुसात. दोन्हींचे रस्ते वेगळे. दूध-केळीचंही तेच. खा, अंगाला लागेल, पण ते मास्कच्या जागी नाही.

दुसरा ओला रुमाल. त्यानं धुळीचे मोठे कण अडतील, थिनरची वाफ आणि फवाऱ्याचे बारीक थेंब अडत नाहीत. कोविडच्या काळात आपण वापरलेला कापडी किंवा निळा मास्कही इथे उपयोगाचा नाही. चांगला एन-95 सुद्धा कण अडवतो, वाफ अडवत नाही.

तिसरा उपाय म्हणजे काम संपल्यावर घेतलेली क्वार्टर. 'थिनर डोक्यात चढतो, त्यावर उतारा.' उतारा नव्हे, ती भर आहे. थिनरमधलं टोल्युइन आणि दारू, दोन्ही मेंदूला गुंगी आणतात. आपण रोज पंचशील घेतो, त्यातलं पाचवं शील कशासाठी आहे हे या पोरांना वेगळं समजावायला नको. पण नुसतं त्यांना बोलून भागणार नाही. डोकं दुखतं म्हणून तो पितो, आणि डोकं दुखतं कारण बंद शटरआड पंखाही नसलेल्या गाळ्यात त्याला गन मारावी लागते.

मग करायचं काय

पापुद्रे निघालेल्या गाडीचं टू-के काम घरच्या दारात, गल्लीत, चाळीच्या बोळात करू नका. शेजारच्या घरात तान्हं बाळ असतं, गरोदर सून असते, दम्याची म्हातारी असते. फवारा भिंत ओळखत नाही. हे काम हवा ओढून घेणारी बंदिस्त खोली असलेल्या गॅरेजातच व्हावं, आणि कारागिराला बाहेरची स्वच्छ हवा नळीनं पुरवणारा मास्क मिळावा. आयसोसायनेटसाठी योग्य साधन हेच आहे. ते मिळेपर्यंत निदान वाफ आणि कण दोन्ही अडवणारे डबे लावलेला रबरी मास्क तरी हवा. त्याच्या डब्यांना मुदत असते. उघडे ठेवले तर वापराविनाही ते निकामी होतात, म्हणून काम झालं की घट्ट पिशवीत बांधून ठेवावेत. दाढी असेल तर मास्क गालाला घट्ट बसत नाही आणि फटीतून हवा शिरते. फवारणीचं काम करणाऱ्यानं दाढी काढलेली बरी.

घरी फक्त कंपाउंड, पॉलिश किंवा पुसून लावायचं उत्पादन वापरत असाल, तरी एवढं पाळा:

1. काम उघड्या जागी, सावलीत करा. गॅस, चूल, विडी, उदबत्ती जवळ नको. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत सरकत जाऊन लांबच्या ज्योतीवरही पेट घेते.

2. हातात नायट्राइलचे मोजे घाला. हात थिनरनं धुऊ नका, त्यानं कातडीचं तेल निघून भेगा पडतात. आधी खोबरेल नाहीतर गोडं तेल चोळा, मग साबणानं धुवा.

3. जुना रंग कोरडा घासू नका. जुन्या रंगात आणि प्रायमरमध्ये शिसं आणि क्रोमियम असू शकतं. पाणी मारत घासा आणि तो चिखल मुलांच्या खेळायच्या जागेत ओतू नका.

4. तेलाचे, वार्निशचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते आपोआप तापून पेटू शकतात. पाण्यात भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.

5. थिनर किंवा हार्डनर कोल्ड्रिंकच्या, पाण्याच्या बाटलीत कधीच भरू नका. लहान मुलानं चुकून प्यायलं तर ओकारी काढू नका, मीठ-पाणी पाजू नका. ओकताना ते फुफ्फुसात शिरतं आणि तेच जिवावर बेततं. बाटली सोबत घेऊन तडक रुग्णालय गाठा.

6. डोळ्यात उडालं तर वाहत्या पाण्यानं पंधरा-वीस मिनिटं धुवा, मग डॉक्टर.

7. कामाचे कपडे घरात येण्याआधी बदला आणि बाळाच्या कपड्यांसोबत धुऊ नका. गरोदर बाईनं थिनरच्या कामापासून लांबच राहावं.

जबाबदारी कुणाची

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, पोरांनीच काळजी घ्यायला हवी. आम्हाला हे मान्य नाही. आठवड्याच्या पगारावर काम करणारा पोरगा मालकाला 'मास्क दिल्याशिवाय गन धरणार नाही' म्हणाला, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा उभा असतो. त्याला दोष देणं म्हणजे ज्याच्या हातात काहीच नाही त्याच्या डोक्यावर सगळं टाकणं.

कायदा काय म्हणतो ते पाहा. 1948 च्या कारखाना कायद्यात कळवणं बंधनकारक असलेल्या व्यवसायजन्य आजारांची यादी होती, आणि आयसोसायनेटची विषबाधा त्या यादीत होती. म्हणजे हा धोका सरकारला माहीत नाही असं नाही. पण तो कायदा विजेवर चालणाऱ्या ठिकाणी किमान 10 कामगार असतील तर लागू व्हायचा. 2020 च्या कामगार संहितेनं हा आकडा 20 वर नेला. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या गाळ्यांपासून तालुक्याच्या नाक्यावरच्या पत्र्याच्या शेडपर्यंत कितीशा गॅरेजात वीस माणसं असतात? तीन-चार असतात. जिथे धोका सगळ्यात जास्त, तिथेच कायद्याचं छत्र संपतं.

बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत होते. कामगाराच्या आजारपणाचा भार एकट्या कामगारानं सोसायचा नाही, या विचारानं आरोग्य विम्याची आखणी त्याच काळात झाली आणि 1948 मध्ये राज्य विमा कायदा आला. त्या कायद्याचं दार लहान गॅरेजातल्या पोरांसाठी बंदच राहिलं. ते उघडायला लावणं हे आपलं काम आहे. जयंतीच्या मिरवणुकीत गाडी सजवून नेतो, ती चमकवणारा पोरगा विम्याविना खोकत असेल, तर ती सजावट अपुरी आहे.

तथागतांनी उपासकाला न करण्याचे पाच व्यापार सांगितले, त्यात विषाचा व्यापार आहे. गाडीला रंग मारणं हा विषाचा व्यापार नव्हे, ती सम्यक आजीविका आहे, कौशल्याचं काम आहे. पण डब्यावरची सूचना न वाचता-सांगता सुट्या बाटलीत हार्डनर ओतून विकणारा दुकानदार, आणि मास्कचे पैसे वाचवून पोराच्या छातीत ते जाऊ देणारा मालक, त्या व्यापाराच्या किती जवळ गेले आहेत याचा विचार त्यांनी करावा. त्यात काही मालक आपलेही आहेत. त्यांना आम्ही हे आपुलकीनं पण स्पष्ट सांगतो: एका गाडीच्या रंगकामाच्या बिलापुढे मास्कची किंमत किरकोळ आहे.

आणि गिऱ्हाईक म्हणून आपण? 'दोनशे कमी कर, आजच्या आज दे' असं आपणही म्हणतो. ते दोनशे रुपये कुठून निघतात? पंख्यातून, मोज्यातून, मास्कमधून निघतात. यापुढे गॅरेजात गाडी टाकताना एक प्रश्न विचारा: 'रंग मारताना पोराला मास्क देता का?' दहा गिऱ्हाइकांनी विचारलं तर मालकाला उत्तर शोधावंच लागेल.

विहार समित्यांना आमची विनंती आहे. वर्षावासात आरोग्य शिबिरं होतात, बीपी-शुगर तपासली जाते. त्यात एक दिवस रंगकाम, वेल्डिंग, फर्निचर पॉलिश करणाऱ्या कामगारांसाठी ठेवा. जवळच्या सरकारी रुग्णालयाला पत्र देऊन श्वासाच्या तपासणीची सोय मागा. वस्तीतल्या गॅरेज कामगारांची यादी करा, त्यांची ई-श्रम नोंदणी करून द्या. मराठीत सूचना लिहून प्रत्येक गॅरेजात लावा. डब्यावरची बारीक इंग्रजी अक्षरं आपल्या पोरांसाठी लिहिलेलीच नसतात. आणि लहान गॅरेजांनाही विम्याचं व सुरक्षेचं संरक्षण लागू करावं, अशी मागणी आमदार-खासदारांकडे लेखी करा. तोंडी मागणी हवेत जाते, लेखी मागणीला उत्तर द्यावं लागतं.

गाडी चमकली पाहिजे, त्यावर आमचा आक्षेप नाही. ती चमक मारणारा संध्याकाळी घरी येऊन पोराला खांद्यावर घेऊन जिना चढू शकला पाहिजे, एवढंच आमचं मागणं आहे.

जय भीम. नमो बुद्धाय.